पायाचे मोल जाणणारा महापुरुष : भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

जीर्णोद्धार हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांची मूर्ती उभी राहते, आणि ते सर्वस्वी योग्य आहे. काशी, सोमनाथ, गया अशा थोर क्षेत्रांच्या ठिकाणी त्या माउलीने केलेले कार्य आपणा सर्वांस ठाऊक आहे. मंदिराच्या स्मरणिकेत त्यांचे वा एखाद्या संतांचे चरित्र यावे, अशीच वाचकांची अपेक्षा असणार. परंतु प्रस्तुत लेखात एका इंजिनिअरची जीवनकथा सांगण्याचे मी योजिले आहे. त्याचे कारण असे की, जुन्या वास्तूवर नवा भार चढविण्याची वेळ आली म्हणजे काय करावे आणि काय करू नये, याचा धडा ज्यांच्या कामातून मिळतो, असा दुसरा मोठा पुरुष आपल्या देशात शोधूनही चटकन सापडावयाचा नाही. शिवाय त्यांच्या कर्तृत्वाचा पूर्वार्ध आपल्या महाराष्ट्रातच गेला, ही आपल्या अभिमानाची बाब आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. गावोगावी जुनी देवळे आहेत. ती शे-दोनशे वर्षे ऊनपाऊस सोशीत उभी आहेत. त्यावरून आपण म्हणतो, पाया भक्कम आहे. हे म्हणणे खरेच आहे. पण तो पाया भक्कम ठरला तो जुन्या भाराला. पत्र्याच्या किंवा लाकडी छताच्या जागी सिमेंट काँक्रीटचा स्लॅब आला, लहान शिखराच्या जागी उंच शिखर आले, की त्याच पायाला नवी परीक्षा द्यावी लागते. शंभर चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबचे वजन पावणेतीन टनांहून अधिक भरते. सभामंडप हजार चौरस फुटांचा धरला तर अठ्ठावीस टनांचा नवा बोजा जुन्या भिंतींवरून जुन्या पायावर उतरतो. एवढ्या वजनाचा ट्रक अंगणात उभा करावयाचा झाला तर आपण आधी जमीन पाहतो. देवळाच्या बाबतीत मात्र पुष्कळदा पाहत नाही. सर विश्वेश्वरय्या यांचे चरित्र या दृष्टीने वाचावे, अशी वाचकांना नम्र विनंती आहे.

बालपण व शिक्षण

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी तत्कालीन म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या लहानशा खेड्यात झाला. वडील श्रीनिवास शास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी विद्वान. आई वेंकटलक्ष्मम्मा धर्मपरायण व करारी. घरात विद्या होती, पैसा नव्हता. लहान वयातच वडिलांचे छत्र हरपले. पुढील शिक्षणासाठी मुलगा बंगलोरला आला आणि शिकवण्या करून आपला खर्च भागवू लागला. १८८१ साली बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजातून ते बी. ए. झाले.

त्यानंतर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्यास आले. तेथील सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढे इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून नावारूपास आलेल्या त्या प्रसिद्ध संस्थेत, त्यांनी स्थापत्यशास्त्राचा अभ्यास केला. १८८३ साली एल. सी. ई. च्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले व जेम्स बर्कले पारितोषिकाचे मानकरी ठरले. आजच्या तरुणांनी ध्यानात घ्यावे की, परक्या मुलखात, परक्या भाषेच्या लोकांत राहून, दुसऱ्याच्या पैशावर शिकणाऱ्या मुलाने हे यश मिळविले. त्या यशाच्या बळावर मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात १८८४ साली त्यांची असिस्टंट इंजिनिअर म्हणून नेमणूक झाली. पहिले ठिकाण नाशिक.

महाराष्ट्रातील सेवा

नाशिकनंतर खानदेश. धुळे भागात पांजरा नदीच्या पात्राखालून नळांवाटे पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. नदीचे पात्र म्हणजे कोठे वाळू, कोठे खडक. पावसाळ्यात पूर आला की खोदलेले भरून जावयाचे. पायाखालची जमीन नकाशात सरळ रेघेने दाखविली जाते, प्रत्यक्षात ती हातागणिक बदलते, हा धडा तरुण इंजिनिअरास येथे मिळाला असला पाहिजे. पुढे १८९५ च्या सुमारास सिंध प्रांतातील सक्कर शहरास त्यांनी पाणी पुरविले. सिंधू नदीचे पाणी गढूळ. ते गाळण्यास मोठी टाकी बांधण्याइतका पैसा नगरपालिकेजवळ नव्हता. तेव्हा त्यांनी नदीकाठच्या पात्रातच विहीर घेतली आणि वाळूतून आपोआप गाळून येणारे पाणी उचलले. कमी पैशात, जे निसर्गाने तयार ठेवले आहे त्याचाच उपयोग करून घ्यावा, ही त्यांची रीत होती.

१८९९ साली नीरा कालव्यावर त्यांनी पाणीवाटपाची गटपद्धती सुचविली. पाणी एकाच ठिकाणी मुरवून जमिनी खराब करण्याऐवजी ते अधिक गावांना फिरते मिळावे, असा त्यात हेतू होता. कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, विजापूर या शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या कामीही त्यांची मदत झाली. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे या काळातील सर्वांत महत्त्वाचे काम पुण्याजवळ खडकवासल्यास झाले.

खडकवासल्याची स्वयंचलित दारे

मुठा नदीवरील खडकवासल्याचे दगडी धरण १८६९ साली सुरू होऊन दहा-अकरा वर्षांत पुरे झाले. कर्नल फाइफ यांच्या नावावरून त्या तलावास लेक फाइफ म्हणत. पुणे शहर व छावणी यांना पिण्याचे पाणी आणि कालव्याखालील जमिनींना शेतीचे पाणी, अशी दुहेरी मागणी त्यावर होती. कालांतराने पाणी अपुरे पडू लागले. साधा विचार असा की, धरणाची भिंत आणखी उंच बांधावी आणि अधिक पाणी अडवावे. आपल्यापैकी कोणीही हेच सुचविले असते.

पण यात मेख आहे. पाण्याची खोली वाढली की भिंतीवरचा रेटा त्याच हिशेबाने वाढत नाही. त्याहून पुष्कळ अधिक वाढतो. खोली दुप्पट झाली तर रेटा चौपट होतो आणि भिंतीस उलथवू पाहणारा जोर आठपट होतो. शिवाय उंच केलेल्या भिंतीचे स्वतःचे वजन पायावर येते, आणि पायाच्या भेगांतून शिरणारे पाणी खालून भिंतीस वर उचलू पाहते ते वेगळेच. वर चार थर चढवावयाचे म्हणजे खाली पाया रुंद करावा लागतो. पाणी भरलेल्या तलावाच्या बांधाला ते करणे खर्चाचे आणि जोखमीचे.

विश्वेश्वरय्यांनी धरणाचे जुने वर्तन पाहिले. दरवर्षी मोठ्या पुराच्या वेळी सांडव्यावरून पाणी सहा ते आठ फूट उंचीने वाहून जाई. म्हणजे तेवढ्या उंचीचे पाणी धरणाने पूर्वीच अंगावर घेतले होते, आणि ते उभे होते. मग पूर ओसरताना जे पाणी निघून जाते तेच सांडव्यावर दारे बसवून अडविले, तर धरणास सोसलेल्या भारापलीकडचा नवा भार पडणार नव्हता. अट एकच. नवा पूर आला की दारे तत्काळ उघडली पाहिजेत. रात्री-बेरात्री माणसावर ती जबाबदारी टाकणे धोक्याचे. म्हणून त्यांनी अशी योजना केली की, पाणी ठरावीक पातळीवर गेले की ते कुंडात शिरावे, तेथील समतोल वजन हलावे आणि दार आपोआप उघडावे. पातळी उतरली की दार पुन्हा मिटावे. १९०३ साली ही दारे खडकवासल्यास बसली. मूळ सांडव्याच्या वर सुमारे आठ फूट पाणी साठू लागले आणि धरणाची भिंत न वाढविता साठा जवळपास पाव हिश्श्याने वाढला. या युक्तीचे पेटंट त्यांच्या नावे झाले.

वाचकहो, यातील मर्म दाराच्या यंत्रात जितके आहे तितकेच त्यामागील प्रश्नात आहे. किती भार चढवावयाचा आहे, एवढेच त्यांनी विचारले नाही. या पायाने आजवर किती भार प्रत्यक्ष सोसला आहे, हे आधी विचारले. मग नवी अपेक्षा त्या मर्यादेत बसविली. ज्याला पाया मजबूत करण्यास पैसा नाही, त्याने निदान पायाची ताकद ओळखून राहावे, हा पहिला धडा.

आपल्या मुलखाशी नाते

१९०८ साली मुंबई सरकारची नोकरी सोडून ते परदेश प्रवासास गेले. त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे बुडाली, घरे वाहून गेली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावून घेतले. १९०९ साली त्यांनी पाहणी करून शहराच्या वरच्या अंगास दोन मोठे जलाशय बांधण्याची शिफारस केली. तेच पुढे १९२० साली पूर्ण झालेले उस्मान सागर व १९२७ साली पूर्ण झालेले हिमायत सागर होत. आपला जिल्हा, म्हणजे त्या वेळचा उस्मानाबाद व आताचा धाराशिव, तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. आपले आजे-पणजे ज्या राज्याचे प्रजाजन होते त्या राज्याची राजधानी पुरापासून वाचविण्यासाठी या पुरुषाने बुद्धी खर्चिली, हे आपण विसरू नये.

कृष्णराजसागर : पुढच्या भाराचा पाया

१९०९ च्या अखेरीस म्हैसूर संस्थानाने त्यांना चीफ इंजिनिअर म्हणून बोलाविले आणि १९१२ साली ते संस्थानचे दिवाण झाले. या काळातील सर्वांत मोठे काम म्हणजे कन्नंबाडी येथे कावेरी नदीवरील धरण, ज्यास आज आपण कृष्णराजसागर म्हणतो. संस्थानच्या अर्थखात्यास एवढा खर्च परवडणारा वाटेना. अखेर ११ ऑक्टोबर १९११ रोजी महाराज कृष्णराज वोडेयार यांनी मंजुरी दिली, ८१ लाख रुपये राखून ठेवले आणि नोव्हेंबरात काम सुरू झाले. दहा हजारांच्या आसपास माणसे कामावर होती.

परंतु खरी अडचण पुढेच होती. नदी खाली मद्रास इलाख्यात जाते, म्हणून मद्रास सरकारने हरकत घेतली. म्हैसूरची मूळ योजना सुमारे ४१.५ अब्ज घनफूट पाणी साठविण्याची होती. ती दोन टप्प्यांत पुरी करावयाची होती. हिंदुस्थान सरकारने तूर्त परवानगी दिली ती फक्त पहिल्या टप्प्याची, ११ अब्ज घनफुटांची. आता प्रश्न उभा राहिला तो पायाचा. ११ अब्जांच्या धरणास पुरेल एवढाच पाया घातला तर पैसा वाचतो आणि कागदही नीट राहतो. पण उद्या पूर्ण उंचीस मंजुरी मिळाली तर? नदीच्या पात्रात भरलेल्या तलावाखाली उतरून पाया रुंद करावयाचा, म्हणजे नवे धरण बांधण्याइतकाच खटाटोप, आणि धोका त्याहून अधिक. म्हैसूरने पाया घातला तो पूर्ण उंचीच्या मानाने.

तहसील कचेरीत मंजुरीच्या नस्त्या हाताळण्यात ज्याचे आयुष्य जात आहे, अशा माझ्यासारख्या कारकुनास ही गोष्ट सहज पचणारी नाही. मंजुरी एका कामाची आणि पाया दुसऱ्या कामाचा, हे लेखापरीक्षणात चालावयाचे नाही. मद्रास सरकारनेही याच मुद्द्यावर तक्रार केली. प्रकरण लवादाकडे गेले, १९१४ साली निवाडा झाला, तरी वाद मिटला नाही. अखेर १९२४ साली दोन्ही सरकारांत करार होऊन पूर्ण उंचीचा मार्ग मोकळा झाला. तेव्हा तळाशी रुंद पाया तयारच होता. त्यावर भिंत चढत गेली आणि १९३१-३२ पर्यंत दीड मैलाहून अधिक लांबीचे व सुमारे १३० फूट उंचीचे धरण उभे राहिले. मंड्या भागातील कोरडवाहू शेतात ऊस व भात डोलू लागले. दिवाणपद त्यांनी १९१८ सालीच सोडले होते. पण ज्याने पाया घातला त्याने शेवटचा दगड बसविलाच पाहिजे, असे थोडेच आहे?

हा दुसरा धडा. पुढे भार वाढणार हे ठाऊक असेल तर पाया आजच त्या मानाने घालावा. वर चढविणे केव्हाही जमते. खाली उतरणे दरवेळी जमत नाही.

आणखी एक बाब आपल्या जिव्हाळ्याची आहे. या धरणाच्या बांधकामात सिमेंटऐवजी सुरखीचा, म्हणजे चुना व भाजलेल्या विटांची भुकटी यांचा, गारा वापरला गेला. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत आई येडेश्वरीच्या पालखीच्या निमित्ताने लाखो भाविक येरमाळ्याच्या शिवारात चुनखडी वेचतात. ज्या चुनखडीस आपण भक्तिभावाने हात लावतो तिच्याचपासून चुना होतो आणि त्याच चुन्याने आपल्याकडील जुने वाडे, बारवा व देवळे शतकानुशतके सांधून धरली आहेत. जुन्या चुन्याच्या बांधकामास नुसत्या कडक सिमेंटचे लेप देऊ नयेत, ओल आत कोंडून दगड खराब होतो, असे जाणकार सांगतात, तेही जीर्णोद्धाराच्या वेळी ध्यानी घ्यावे.

कन्नंबाडीचे देऊळ

धरण झाले आणि कन्नंबाडी गाव पाण्याखाली गेले. पाच-दहा हजार लोकांची घरे गेली. विकासाची किंमत कोणास तरी मोजावी लागते, आणि ती मोजणाऱ्यांची नावे इतिहासात सहसा राहत नाहीत. त्या गावचे होयसळ काळातील वेणुगोपालाचे सुंदर दगडी मंदिरही बुडाले. मोठा दुष्काळ पडून पाणी फार उतरले की ते दिसे. पुढे, अलीकडच्या काळात, त्या मंदिराचे दगड क्रमवार नोंदवून उतरविण्यात आले आणि जलाशयाच्या काठी उंच जागेवर नव्या कन्नंबाडीत नव्या पायावर ते पुन्हा जसेच्या तसे उभे केले गेले. भिंती जुन्या, शिल्प जुने, देव तोच. नवा होता तो पाया. जीर्णोद्धाराचा याहून बोलका दाखला कोणता?

उत्तर आयुष्य

विश्वेश्वरय्यांच्या दिवाणगिरीच्या काळात १९१३ साली म्हैसूर बँक, १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ व १९१७ साली बंगलोरचे इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झाले. १९१५ साली त्यांना सर हा किताब मिळाला. भद्रावतीचा तोट्यात चाललेला लोखंडाचा कारखाना त्यांनी १९२३ पासून सहा वर्षे सांभाळून मार्गी लावला. वयाची नव्वदी गाठली असताना बिहारमध्ये गंगेवरील पुलाची जागा ठरविण्याच्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. मोकामा येथील तो पूल १९५९ साली वाहतुकीस खुला झाला. १९५५ साली राष्ट्राने त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान दिला. वेळेची शिस्त, टापटीप पोशाख, निर्व्यसनी राहणी आणि हिशेबाचा काटेकोरपणा हे त्यांचे विशेष अखेरपर्यंत टिकले. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभर वर्षे पुरी करून, हा कर्मयोगी अनंतात विलीन झाला. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

त्यांच्या हयातीतच एक दुःखद घटना घडली, तिचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे राहिलेले मातीचे धरण फुटले. त्याचा सारा लोंढा खडकवासल्यावर आदळला, पाणी बांधाच्या माथ्यावरून गेले आणि ऐंशी वर्षे उभा असलेला तो दगडी बांधही फुटला. पुण्यात हाहाकार उडाला. ग्वाल्हेरजवळच्या टिग्रा धरणाचेही असेच झाले होते. १९१७ साली पुराचे पाणी माथ्यावरून गेले आणि दगडी बांधाचे दोन मोठे भाग पायावरून जागचे सरकले. पाया ज्या भारासाठी होता त्याच्या पलीकडे भार गेला की कोणाची पुण्याई, कोणाचे नाव उपयोगी पडत नाही. खडकवासल्याचे धरण पुढे पुन्हा बांधण्यात आले व ते पुण्याची तहान भागवीत आहे.

आपल्यासाठी बोध

फार दूर कशाला जावे? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व आपल्या जिल्ह्यातील लोहारा-उमरगा भागात हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. ती घरे मातीत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंतींची होती, आणि वर मातीचे जड धाबे. गळू नये म्हणून धाब्यावर मातीचे थर चढविण्याची आपली जुनी रीत. भार वर वाढत गेला, खालची भिंत मात्र होती तीच राहिली. भूकंपानंतर सरकारी पुनर्वसनात जुनी घरे मजबूत करण्याचाही कार्यक्रम झाला. भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे बंधदगड घालणे, भोवती काँक्रीटचे पट्टे बांधणे, धाब्याचे वजन कमी करणे, या गोष्टी गावोगावच्या गवंड्यांना तेव्हा शिकविण्यात आल्या.

पायाच्या मजबुतीचेही शास्त्र ठरलेले आहे. ते थोडक्यात सांगतो. प्रथम पायालगत एक-दोन ठिकाणी खड्डा घेऊन पाया किती खोल आहे, किती रुंद आहे आणि कशावर टेकला आहे, हे पाहावे. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यात अडकला असेल तर भिंत दरवर्षी वर-खाली होते. तो खाली मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेला पाहिजे. त्यासाठी जुन्या पायाखाली नवा पाया भरतात. भिंतीखालील माती एकदम सारी काढली तर भिंत बसेल; म्हणून सुमारे चार-चार फुटांचे तुकडे पाडून, एका वेळी दूरदूरचे तुकडे उघडावे लागतात. शेजारचे दोन तुकडे एकदम कधीही उघडू नयेत. एका तुकड्यात काँक्रीट भरून ते घट्ट झाले, जुन्या पायाखालची फट कोरड्यासर मसाल्याने ठासून बंद केली, की मगच पुढचा तुकडा घ्यावयाचा. काही ठिकाणी पायाच्या दोन्ही अंगांना काँक्रीटचे पट्टे बांधून त्याची रुंदी वाढवितात. काही ठिकाणी दगडांच्या पोकळीत सिमेंटचे दूध भरतात. कोठे काय लागेल हे जाणत्या इंजिनिअरनेच ठरवावे. त्याचबरोबर पावसाचे व अभिषेकाचे पाणी पायाशी न मुरता दूर जाईल, अशी व्यवस्था करावी. या शेवटच्या कामास फारसा पैसा लागत नाही. फक्त लक्ष लागते.

आता अडचण कोठे येते, तेही स्पष्ट लिहितो. शिखरास देणगी मिळते, कळसास मिळते, घंटेस, फरशीस, कमानीस मिळते. त्यावर नाव कोरता येते. पायात गेलेल्या पैशावर कोणाचे नाव कोरता येत नाही. वर्षभर खर्च होतो आणि देऊळ होते तसेच दिसते. मग ग्रामस्थ विचारू लागतात, पैसा गेला कोठे? कोणत्याही मंदिर समितीस हा प्रश्न झेलणे सोपे नसते, आणि तो टाळण्यासाठीच पुष्कळ ठिकाणी आधी शिखर रंगविले जाते. पुढे दोन-चार पावसाळ्यांनी गाभाऱ्याच्या भिंतीला तिरपी चीर पडते. ती बुजविली जाते, पुन्हा पडते. यात्रेच्या दिवशी त्याच भिंतीच्या सावलीत आपली लेकरे व म्हातारी माणसे दर्शनासाठी रांगेत उभी असतात.

सर विश्वेश्वरय्यांनी एका ठिकाणी पायाची ताकद ओळखून भार मर्यादेत ठेवला, तर दुसऱ्या ठिकाणी पुढचा भार ओळखून पाया आधीच रुंद घातला गेला. दोन्ही ठिकाणी विचार खालून वर गेला, वरून खाली नाही. आपणही अंदाजपत्रकात पायाची बाब पहिली लिहावी, खर्चाचा हिशेब फलकावर उघड लावावा, काम चालू असतानाचे फोटो काढून ठेवावेत आणि मगच शिखराकडे पाहावे. ज्या दात्यांची देणगी अशा रीतीने जमिनीखाली जाईल त्यांचे नाव दगडावर नसले तरी उभ्या देवळाचा प्रत्येक दगड त्यांच्याच आधाराने राहील.

अशा या थोर स्थापत्यकाराच्या चरित्रापासून आपणा सर्वांस सुबुद्धी मिळो, हाती घेतलेले कार्य पायापासून कळसापर्यंत निर्विघ्नपणे पार पडो आणि पुढच्या पिढ्यांना निर्धास्तपणे देवदर्शन घडो, हीच आई येडेश्वरीच्या चरणी प्रार्थना.